परड्यातल्या जीपचं स्टेरिंग

मामा, तुमच्याशी सरळ बोलायची ही माझी पहिलीच वेळ. सून होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही जाईपर्यंत आपण एका छपराखाली राहिलो, एका चुलीवरचं जेवलो, पण तुम्ही मला कधी "अगं" म्हणाला नाही आणि मी तुम्हाला कधी "मामा" म्हणून हाक मारली नाही. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती आणि आपण दोघांनी ती शेवटपर्यंत पाळली. तुम्हाला पाणी हवं असलं की तुम्ही भिंतीकडं बघून म्हणायचा, "म्हणावं, तांब्या ठेव." सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. आत्ती जवळ असल्या तर तुमचा निरोप त्या माझ्यापर्यंत आणायच्या, नसल्या तर भिंत आणायची. मीही दाराआडनं आत्तींना सांगायची, "मामांना म्हणावं, भाकरी झाली." आता हे ऐकून आमची पोरगी हसून लोळते. "आई, तुमचं घर होतं का पोस्ट ऑफिस?" म्हणते. हसू दे. आणखी एक, बोलताना मी "आलो, गेलो" करणारी कोल्हापूरची बाई, पण कागदावर हात आपोआप शाळेतल्या बाईंनी शिकवल्यासारखा "आले, गेले" लिहितोय. "म्हणावं, लई शुद्ध झालीया," असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

लिहायला बसले कारण विषय तुमच्या जीपचा आहे आणि तुमच्या मुलाचा. जीपमधलं मला जे काही कळतं ते तुम्हीच शिकवलंत, आणि मुलगा तर तुमचाच, त्यामुळं हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. तुमचं गॅरेज म्हणजे आपल्या परड्यातलं पत्र्याचं शेड. त्याला ना पाटी ना नाव, पण राधानगरीकडच्या वडापाच्या जीपा दुसरीकडं जायच्या नाहीत. माणसं कोंबून दिवसभर त्या वळणांवर पळणाऱ्या गाड्या, त्यांचं सगळ्यात आधी काय ढिलं होत असेल तर स्टेरिंग. आणि ढिलं स्टेरिंग शोधायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून चाक हळूहळू डावं-उजवं करायचं, दुसऱ्यानं खाली उताणं झोपून बघायचं. तुमचा गडी काम सोडून गेला होता. आमच्या ह्यांना तुमच्या धंद्याचा पहिल्यापासून कंटाळा. "मला गाडीखाली झोपायचं न्हाय, गाडीत बसायचं हाय," असं तुमच्या तोंडावर सांगून ते दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर झाले होते, आणि त्यावरनं बापलेकांत वर्षभर धड बोलणं नव्हतं.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी परड्यात धुणं वाळत घालतेय. तुम्ही एका जीपशेजारी पाना हातात घेऊन उभे आहात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघताय, कुणी वर बसेल का म्हणून. आत्तींच्या गुडघ्यांना जीपची पायरी चढवत नाही. त्या उंबऱ्यातनं म्हणतात, "ही हाय की." तुम्ही पत्र्याकडं बघता. "म्हणावं, जमंल का?" मी पदर कमरेला खोचून चढते. शेजारची काकी कुंपणावरनं मान वर काढून म्हणते, "अगं बया, सून निघाली की टॅक्सी घेऊन." तुम्ही खाली झोपता. आता पंचाईत अशी की तुम्ही खाली, मी वर, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. मध्ये आत्ती. तुम्ही म्हणता, "डावीकडं म्हणावं." आत्तींना कमी ऐकू येतं, त्या म्हणतात, "काय थांबवावं?" असं थोडा वेळ चालतं. मग आतनं आमटी उतू गेल्याचा वास येतो आणि आत्ती जातात. परडं गपगार होतं. तेवढ्यात खालनं पान्याचा एक ठोका ऐकू येतो, टण. मला कसं कळलं देव जाणे, मी चाक डावीकडं फिरवते. दोन ठोके पडतात, मी उजवीकडं फिरवते. पाना लोखंडावर घासल्याचा आवाज येतो, मी थांबते. त्यानंतर आपल्याला मध्ये कुणी लागलं नाही.

एकदा मात्र मी शहाणपणा केला. आता तुम्ही डावंच सांगणार म्हणून ठोक्याआधीच चाक फिरवलं. तुमचं बोट सांध्यात होतं. तुम्ही बाहेर आलात, बोट तोंडात धरलेलं, आणि पत्र्याला म्हणालात, "म्हणावं, खाली माणूस हाय." एवढंच. मामा, चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मी रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर सीटवर एक उशी. जुन्या सीटच्या रेक्झिनची, आत काथ्या भरलेला, कडा सुतळीनं शिवलेल्या. मी बुटकी, चाक फिरवताना माझे खांदे वर व्हायचे, ते तुम्ही कधी बघितलं होतं कुणास ठाऊक. तुम्ही माझ्याकडं कधी मान वर करून बघतही नव्हता. ती उशी मग प्रत्येक जीपमध्ये माझ्याआधी जाऊन बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, ही कशाला, आणि तुम्ही सांगायचा, "मिस्त्रीची हाय." मिस्त्री म्हणजे मी, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोरीत जाऊन हसून आले.

पुढं तुम्हाला मोतीबिंदू झाला आणि आपल्या जागा बदलल्या. तुम्ही वर, मी खाली. सुनेनं गाडीखाली झोपायचं म्हटल्यावर आत्तींनी कपाळाला हात लावला, पण पोट त्यावरच होतं. तुम्ही पहिल्या दिवशी आत्तींना उभं करून सगळं इस्कटून सांगितलंत, म्हणजे आत्तींना सांगितलंत, ऐकत मी होते. वरचं चाक फिरलं की ती चाल दांड्यातनं खाली येते, दांड्यातनं बॉक्समध्ये, बॉक्समधनं रॉडला, रॉडमधनं सांध्याला, सांध्यातनं टायरला. कुठंतरी एक वस्तू हलते आणि तिच्या पुढची लगेच हलत नाही, जरा दमानं हलते. चाल तिथं मरते. तुम्ही त्याला प्ले म्हणायचा. "म्हणावं, नुसतं बघून कळत न्हाय. पंजा ठेव सांध्यावर." मी खालनं ठोके द्यायची, तुम्ही चाक फिरवायचा, आणि खराब सांधा सापडला की मी त्याच्यावर पाना वाजवायची. तुम्ही वरनं नुसत्या आवाजावर सांगायचा, डावीकडचा गेलाय, का उजवीकडचा. बाकीचे मिस्त्री काय करतात, तर स्टेरिंग ढिलं म्हटलं की थेट बॉक्सचा स्क्रू आवळून मोकळे होतात. त्यावर तुमचं ठरलेलं, "आजार रेड्याला आन् औषध पखालीला." आणि दुसरं एक तुम्ही फार निक्षून सांगायचा, चांगला माल काढायचा नाही. "गाडी बोलत न्हाय म्हणून तिच्या नावावर कायबी खपवायचं न्हाय."

तुम्ही गेलात, मागोमाग आत्ती गेल्या. शेडमध्ये आता गॅस सिलेंडर, चिरमुऱ्यांचे डबे आणि तुमची स्वतःची जीप असते. ह्यांनी ती विकू दिली नाही. टँकरवरनं रिटायर झाल्यापासून तर त्यांचं सगळं लक्ष तिच्यात. रविवारी ती काढायची, जयसिंगपूरला बाजार, नाहीतर मला कुरुंदवाडला माहेरी फिरवून आणायचं, रस्त्यात कुणी ओळखीचं चालताना दिसलं की "या पावणं" म्हणून बसवून घ्यायचं. आणि मामा, आमची पोरगी, जिला तुम्ही मांडीवर घेऊन जीपचा हॉर्न वाजवू द्यायचा, ती राधानगरीला दिलीय. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. यंदा तिला पहिलं बाळ होणार. बाळंतपणाला माहेरी आणायचं, आणि आणायचं तर आजोबांच्या जीपमधनंच, हे ह्यांनी कळल्या दिवशीच जाहीर केलं. जावयांकडं चांगली कार आहे, पण हे ऐकतील तर तुमचा मुलगा कसले. सीटवर टाकायला त्यांनी नवी गादीसुद्धा शिवून आणली.

त्याच सुमाराला एका रविवारी ते जयसिंगपूरहून आले ते कपाळाला आठ्या घालून. "स्टेरिंग लई ढिलं झालंय. गाडी रेषेत राहीना." मी म्हटलं, दाखवून या. गावातल्या एका नव्या गॅरेजमध्ये दाखवून आले तर दुसरंच दुखणं. "आता वळवलं की चाक माघारी यीना झालंय. वडून आणाय लागतंय." मी कणीक मळत होते, तिथंच कळलं की त्या पोरानं बॉक्सचा स्क्रू आवळलाय. प्ले गेल्यासारखा वाटतो खरा, पण वळण संपल्यावर चाक आपणहून सरळ होत नाही, आणि राधानगरीच्या वळणांवर ते ढिल्यापेक्षा वाईट. मी ते सांगितलं तर हे म्हणाले, "मग तूच बघ की. बापानं तुला शिकवलंय, मला न्हाय." टोमणा होता, पण खरा होता. पोरीला सातवा महिना, आणि गाडी अशी. मी जुना पंजाबी ड्रेस घातला, पोतं अंथरलं आणि म्हटलं, "मी बघतो. तुम्ही वर बसा." खाली जाताना गुडघे असे काही कुरकुरले की आत्तींची माफी मागितली मनात.

आधी स्क्रू होता तसा मोकळा केला. मग ठोके सुरू केले. ह्यांना ठोक्यांची बोली समजावून सांगायला लागली, ऐकून ते म्हणाले, "तुम्ही दोघं माझ्या घरात असलं काय काय करत हुता?" डावीकडच्या टायरजवळच्या सांध्यावर पंजा ठेवला आणि सापडलं. रॉड हलत होता आणि त्याच्या पुढची दांडी एक श्वास घेऊन हलत होती. सांध्यातली गोळी झिजून खुळखुळा झाला होता. खूप दिवसांनी हाताला ते कळलं, आणि मला इतका आनंद झाला की मी खालनं सांध्यावर पाना वाजवला, जसं काही वर तुम्हीच आहात. जुना सांधा किती आत शिरला होता त्याची खूण करून नवा तेवढाच शिरवला, नाहीतर चाकं फेंगडी होतात. हे फिरवून आले. "फरक हाय. पण आजून हालतंयच बघ." पुन्हा खाली गेले. या वेळी सापडलं ते असं की अख्खा बॉक्सच चासीवर सरकत होता, बोल्ट सैल झाले होते. ते आवळले. हे पुन्हा फिरवून आले, खाली उतरले, आणि दार लावता लावता म्हणाले, "जरासं हायच."

तिसऱ्यांदा मी खाली गेले ती सगळं शोधूनच वर यायचं ठरवून. एकेका सांध्यावर पंजा ठेवत टायरपासनं वर वर आले. एक ठोका, सगळं एकदम डावीकडं. दोन ठोके, सगळं एकदम उजवीकडं. कुठंही चाल मरत नव्हती. शेवटी राहिला तो वरनं येणारा दांडा, जिथं तो बॉक्समध्ये शिरतो ती जागा. तिथं बोटं ठेवली आणि थांबण्यासाठी पाना घासला. दांडा थांबला. आणि मग माझ्या बोटांखाली तो बारीक बारीक हलायला लागला. मला वाटलं इंजिन चालू आहे. इंजिन बंद होतं. मी पुन्हा पाना घासला, जोरात. चाक फिरत नव्हतं, पण दांड्याची ती थरथर काही जाईना. मामा, मी किती वेळ तशीच उताणी पडून होते मला माहीत नाही. पोह्याची बशी त्यांच्या हातात किणकिणते, ते मी ऐकलं होतं. शर्टाचं वरचं बटण हल्ली मीच लावून देते, तेही काही नवीन नव्हतं. वय झालं म्हणून मी सोडून दिलं होतं. पण आता गाडीचं एकेक अंग तपासून झालं होतं आणि जे हलत होतं ते गाडीचं नव्हतं.

वरनं हे म्हणाले, "सापडलं का गं?" आणि मी म्हणाले, "सापडलं. उजवीकडचा जॉइंट गेलाय." खोटं. तो सांधा ठणठणीत होता. मी नवा आणवला, चांगला काढला, नवा घातला. तुम्ही जे आयुष्यात कधी केलं नाही आणि मला कधी करू दिलं नसतं, ते मी तुमच्याच शेडमध्ये तुमच्याच पान्यानं केलं. मला दुसरं काही सुचलं नाही. ज्या माणसानं सारा जन्म टँकर चालवला आणि कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, त्याला मी जीपच्या पोटाखालून काय सांगणार होते? सांगितलं नाही तर तो आठ दिवसांनी माझ्या गरोदर पोरीला शेजारी बसवून त्या वळणांवरनं येणार होता. ह्या दोन्हींच्या मध्ये मी सापडले होते, आणि मला वेळ हवा होता, म्हणून एका चांगल्या सांध्याचा बळी दिला.

ते कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले. स्वयंपाकघरात पाटावर बसले, मी चहा दिला. "झालं बघ. एकदम टाईट," म्हणाले. तोंडभर हसून म्हणाले. आणि बशी वाजत होती. मी स्टोव्हकडं तोंड करून उभी होते, तशीच उभी राहून भिंतीला काहीतरी सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, या घराला ती सवय आहे. पण मी वळले आणि त्यांच्यासमोर बसले. "गाडी आधीच टाईट हुती," मी म्हटलं. "मी चांगला जॉइंट काढून दुसरा घातलाय. गाडीत आता काय न्हाई. तुमचा हात हलतोय." त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"कवापासनं?"

"तू थांबा म्हणून पाना घासलास. मी थांबलो. हात थांबंना."

"मग बोलला का न्हाईसा?"

"गाडीतच कायतरी निघंल असं वाटत हुतं," ते म्हणाले. "गाडीचं असलं तर निस्तरता येतंय. तू खाली गेलीस की मी वर बसून देवाला म्हणायचो, सापडू दे हिला कायतरी." मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. राग त्यांचा नाही, माझाही नाही, असा कुणाचाच नसलेला राग. मी म्हटलं, "पोरीला आणाय तुम्ही जायचं न्हाई." त्यांनी मान वर केली. "आजपातूर एक ओरखडा न्हाय गं माझ्या नावावर." मी म्हटलं, "म्हणूनच म्हणतो." ते उठले, परड्यात गेले आणि जीपमध्ये जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी आले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. सकाळी बघते तर हे फोनवर जावयांशी बोलत होते, "तुमच्याच गाडीतनं घिऊन या तिला. आमच्या जीपला काम निघालंय." जीपचं नाव पुढं करून मोकळे झाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुमचा नियम आम्ही दोघांनी मोडला, मामा, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पोरगी आली. आल्या दिवशीच तिनं बापाचा हात हातात घेतला, बघितला, आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कंपवात निघाला. गोळ्या सुरू आहेत, फरक आहे, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मला वाटलं हे आता भांडणार. ह्यांनी उठता उठता एकच विचारलं, "साहेब, बाजूला बसून कुणाला शिकवली तर चालंल?" डॉक्टर हसले, म्हणाले, शिकवा की. मी इकडं तिकडं बघितलं, कुणाला शिकवणार हा माणूस. ते माझ्याकडं बघत होते. मामा, तुम्हाला ठाऊकच आहे, मी इतकी वर्षं जीपच्या चाकावर बसले, पण एक वीतभर गाडी कधी चालवली नाही. सगळ्या उभ्या गाड्या. पोरीचे दिवस भरत आलेत, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागला तर घरात गाडी चालवणारं कुणी हवं, असं म्हणून ते मला रोज सकाळी मैदानावर नेतात. म्हणजे शेजारचा मुलगा गाडी मैदानात सोडून जातो, आणि पुढं आम्ही दोघं. तुमच्या मुलाला शिकवता येतं. तुमच्यापेक्षा बरं शिकवतात, राग मानू नका. ते तोंडानं सांगतात. "आता क्लच. आता जरा सोड. बघ, गाडी रेस मागालीया, दे तिला." चुकलं की "खुळे, गियर हाय तो, लाटणं न्हवं" म्हणतात. बोलतात, बोलतात, दोन तास बोलतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं सलग बोलणं मी त्यांच्याकडनं कधी ऐकलं नव्हतं.

काल पहिल्यांदा मैदान सोडून रस्त्यावर आलो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी चढ आहे, तिथंच पुढं उसाची ट्रॉली आडवी लागलेली. चढावर थांबावं लागलं. ट्रॉली हलली आणि आमची गाडी बंद पडली. मागनं रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, घ्या की फुडं." ह्यांनी खिडकीतनं डोकं काढून त्याला दम भरला, "थांब की रं, शिकालीय ती." मग माझ्याकडं वळून एकदम हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नगंस. मी हाय न्हवं." त्यांचा हात गुडघ्यावर थरथरत होता, पण आवाज पूर्वी टँकरवरनं उतरून घरात यायचे तेव्हाचा होता. त्यांनी एकेक सांगितलं, मी एकेक केलं, गाडी चढली. रात्री जेवताना तो चढ त्यांनी पोरीला सांगितला, मग फोनवर जावयांना सांगितला, मग शेजारच्या काकांना ओट्यावर बसून सांगितला, हिची कशी पाचावर धारण बसली होती आणि मी कसं सांभाळून घेतलं. भाकरी जास्त खाल्ली त्यांनी काल.

हे कागद मी सकाळी बंबात घालणार आहे. तुमच्यापर्यंत पोचवायला आता आत्तीही नाहीत, आणि ह्यांच्या हाती लागून चालायचं नाही. कारण मामा, मी घाबरले नव्हते. क्लच कुठं धरतो ते माझ्या पायाला मैदानावरच कळलं होतं. चढावर पाय मी मुद्दाम सोडला.